मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ताट

कचेरीतील वार्षिक तपासणीचा कागद घेऊन पंचेचाळिशीचा एखादा गृहस्थ संध्याकाळी घरी येतो. डॉक्टरांनी त्या कागदावरील एका आकड्याभोवती शाईचे वर्तुळ काढलेले असते आणि ‘अजून मधुमेह नाही, पण सीमेवर आहात, खाण्यापिण्याकडे लक्ष ठेवा,’ एवढेच सांगितलेले असते. घरात त्या रात्री थोडी चिंता पसरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यापुढे बिनसाखरेचा चहा येतो. पहिला घोट घशाखाली उतरत नाही, आठवड्याभरात तो अंगवळणी पडतो, आणि महिना होतो न होतो तोच ‘साखर अजिबात सोडली’ हे वाक्य तो चारचौघांत काहीशा अभिमानाने उच्चारू लागतो. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले जाते. आकडा जिथल्या तिथे. किंबहुना दोनचार घरे पुढेच सरकलेला! गृहस्थ बुचकळ्यात पडतो, पत्नीला त्याच्या बाहेरच्या खाण्याचा संशय येतो, आणि शेजारचे कोणी तरी कारल्याचा रस सुचवून जाते.

वस्तुतः त्या गृहस्थाने कोणतीही लबाडी केलेली नसते. चहाचे तीन पेले आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाकाठी २५ ते ३० ग्रॅम साखर त्याने खरोखरीच कमी केलेली असते, आणि ही काही थोडी गोष्ट नव्हे. परंतु सकाळी बशीभर पोहे, दुपारी डब्यातील चार पोळ्या व बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहाबरोबर चार बिस्किटे, रात्री दोन पोळ्या आणि त्यांवर मऊ भाताचे दोन ढीग, हा क्रम मात्र अबाधित राहिलेला असतो. या सर्वांतून मिळून तीनशे ग्रॅमांच्या घरात पिष्ट त्याच्या पोटात जाते. पिष्ट जिभेला गोड लागत नाही म्हणून ते साखरेच्या हिशेबात धरण्याचे कोणाच्या मनात येत नाही. पण आतड्यात गेल्यावर त्याचे रूपांतर ज्या पदार्थात होते, तो पदार्थ साखरच असतो. सीमेवरील मधुमेहात पथ्याची सुरुवात साखरेच्या डब्यापासून होते हे खरे. मात्र ते पथ्य तेथेच थांबले, तर बहुधा निष्फळ ठरते.

ही ‘सीमा’ म्हणजे नेमकी कोठे, हे प्रथम पाहिले पाहिजे. रात्रभर उपाशी राहून सकाळी घेतलेल्या रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमध्ये साखरेचे प्रमाण १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. ते १२६ किंवा त्याहून अधिक असल्याचे फेरतपासणीतही आढळले, म्हणजे मधुमेह जडला असे समजतात. या दोन आकड्यांमधला पट्टा हा उंबरठा होय. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त तपासल्यास १४० ते १९९ हा आकडा तीच गोष्ट सांगतो. आणि मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी ग्लायकेटेड हिमोग्लोबिनची जी तपासणी असते, तीत ५.७ ते ६.४ टक्के हे प्रमाण या अवस्थेचे द्योतक मानले जाते. अमेरिकेतील मधुमेह संघटनेने उपाशीपोटीची खालची मर्यादा २००३ साली ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने ती ११० वरच ठेवली. त्यामुळे १०४ आकड्याचा कागद पाहून एक डॉक्टर सावध करतो आणि दुसरा ‘काही नाही’ म्हणतो, असा प्रकार घडतो. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. रोग्याने मात्र दुसऱ्याचे ऐकून निश्चिंत होऊ नये.

हा आकडा का वाढतो, याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. निरोगी, उपाशी माणसाच्या सर्व शरीरातील रक्त एकत्र मोजले, तर त्यात साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर. ताटभर भातातून मात्र ऐंशी ग्रॅम साखर एका बैठकीला रक्ताच्या दाराशी येऊन उभी राहते. ती तेथे साचू न देता स्नायूंत व यकृतात नेऊन भरण्याचे काम स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन करते. स्नायूंना हालचाल नसली, यकृतात आणि पोटाभोवती चरबी साठली, की पेशी इन्सुलिनचे सांगणे पूर्वीसारखे ऐकेनाशा होतात. मग स्वादुपिंड दुप्पट इन्सुलिन ओतते आणि आकडा कसाबसा ताब्यात राहतो. अशी कित्येक वर्षे जातात. त्या काळात तहान लागत नाही, वजन घटत नाही, थकवा आला तरी तो कामाचा वाटतो. स्वादुपिंड थकू लागल्यावर आकडा चढतो, आणि मधुमेहाचे निदान होते त्या दिवशी इन्सुलिन निर्माण करण्याची निम्मी शक्ती पुष्कळदा संपलेली असते. उंबरठ्यावरील माणसाजवळ हे भांडवल अद्याप बऱ्यापैकी शिल्लक असते, हेच त्याच्या अवस्थेचे खरे महत्त्व.

‘पण अंगावर मांस कोठे आहे?’ असा प्रश्न सडपातळ माणसे हटकून विचारतात. त्याचे उत्तर पुण्यानेच दिलेले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच मोजमाप छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! हिंदी माणूस वजनाच्या काट्यावर कृश दिसतो आणि आतून मेदस्वी असतो, ही गोष्ट या एका छायाचित्राने जगाला जितकी पटली तितकी मोठमोठ्या ग्रंथांनी पटली नसेल. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की हातपाय काडीसारखे असले तरी सावध व्हावे.

हा प्रश्न काही थोड्या घरांचा नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि उंबरठ्यावरील माणसांची संख्या सुमारे १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज वर्तविला आहे. या माणसांचे पुढे काय होते, हे चेन्नईच्या एका अभ्यासाने दाखविले. तेथे ५३१ जणांवर सुमारे तीन वर्षे लक्ष ठेवण्यात आले व २००६ साली त्याचा वृत्तान्त छापण्यात आला. ज्यांना नेहमीचा साधा सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी शंभरांतील ५५ जण तेवढ्या अवधीत मधुमेही झाले. ज्यांच्या आहारात व चालण्याफिरण्यात सतत पाठपुरावा करून बदल घडविला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ वर आले. म्हणजे आहार हा जादूचा मंत्र नव्हे. बदल करूनही काही जणांना रोग गाठतोच. पण न बदलणाऱ्यांना तो किती वेगाने गाठतो, हेही या आकड्यांवरून कळते.

याहून बोलका दाखला चीनमधील दाचिंग या तेलविहिरींच्या नगरातला आहे. तेथील ५७७ उंबरठ्यावरील माणसांना १९८६ साली गटागटांत विभागून काहींचा आहार, काहींचा व्यायाम आणि काहींची दोन्ही सुधारण्याचा उपक्रम सुरू झाला. सहा वर्षांनी तो संपला आणि माणसे आपापल्या घरी गेली. पण संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. तीस वर्षांनंतरचा जो हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की, त्या सहा वर्षांत ज्यांनी सवयी बदलल्या होत्या, त्यांना मधुमेह जवळजवळ चार वर्षे उशिराने झाला, हृदयविकार व पक्षाघात यांसारखे विकार सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले, डोळे व मूत्रपिंडे यांची हानी कमी झाली आणि आयुष्य सरासरीने सुमारे दीड वर्षाने वाढले. चाळिशीत ताटात केलेला फरक सत्तरीत डोळ्यांच्या कामी येतो, असा याचा अर्थ होतो.

आता त्या ताटाकडे वळू या. मराठी घरात ताट वाढण्याची जुनी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. वर मधोमध मीठ, डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी, उसळ, आमटी. आणि मध्ये भात व पोळी. या रचनेत काहीही चुकीचे नाही. चूक झाली आहे ती मापात. डाव्या बाजूची कोशिंबीर आज दोन चमच्यांपुरती, शोभेपुरती उरली आहे. उजव्या बाजूची आमटी इतकी पातळ होत गेली की, तिच्यात डाळ शोधावी लागते. आणि मधला प्रांत मात्र दोन्ही बाजूंना ढकलीत पसरत गेला आहे. भारतीय माणसाला मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून मिळतात, असे वर उल्लेखिलेल्या पाहणीच्याच २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक भागात नमूद केले आहे.

उंबरठ्यावरील माणसाने ताटाचे मनातल्या मनात दोन भाग करावे. अर्धा भाग कोशिंबीर आणि पालेभाज्या-फळभाज्यांचा. त्यात बटाटा, रताळे, सुरण, मका यांना प्रवेश नाही. ते पदार्थ भाजी म्हणून शिजत असले तरी हिशेबात धान्यच होत. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करून एकात घट्ट वरण, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, पिठले, दही, अंडे किंवा मासळी यांपैकी जे घरात चालत असेल ते घ्यावे, आणि दुसऱ्यात धान्य. म्हणजे दोन लहान पोळ्या, किंवा एक पोळी व एक लहान वाटी भात. वरणभाताचे उदाहरण घेतले म्हणजे फरक ध्यानात येईल. नेहमीच्या वाढण्यात चार वाट्या भातावर एक वाटी वरण पडते. तेथे वाटीभर भातावर दीड वाटी घट्ट वरण घेतले, तर पोट तितकेच भरते, चवही तीच राहते, आणि रक्तात जाणारी साखर निम्म्याहून खाली येते. वरची तुपाची धार काढून टाकण्याचे कारण नाही. ती चमच्याएवढी असावी, पळीएवढी नसावी.

खाण्याचा क्रमही विचारात घेण्याजोगा आहे, आणि येथे परंपरेशी थोडी तडजोड करावी लागते. आपल्याकडे जेवणाला आरंभ होतो तो पहिल्या वरणभाताने आणि शेवट होतो ताकभाताने. म्हणजे रिकाम्या पोटात प्रथम शिरतो तो मऊ, लवकर पचणारा भात. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात अकरा मधुमेहींना एकच जेवण दोन निरनिराळ्या क्रमांनी देण्यात आले. भाज्या व प्रथिनयुक्त पदार्थ आधी आणि पाव मागाहून, असा क्रम ठेवला तेव्हा तासाभराने मोजलेली साखर, उलट क्रमाच्या मानाने, तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक कमी निघाली. अकरा माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही; पण अशाच आशयाचे निष्कर्ष इतरत्रही मिळाले आहेत, आणि या उपायाला खर्च शून्य आहे. भाजीतील चोथा व डाळीतील प्रथिने आधी पोटात गेली म्हणजे जठर सावकाश रिकामे होते, आणि मागून आलेले पिष्ट रक्तात एकदम न घुसता रांगेने जाते. तेव्हा कोशिंबीर आणि भाजी प्रथम, मग उसळीबरोबर पोळी, आणि भात अगदी शेवटी, तोही एकदाच. तीन भातांपैकी दोन रद्द करावे लागतील हे उघड आहे.

भात की पोळी, पोळी की भाकरी, हा वाद मराठी घरांत फार रंगतो आणि त्यात ज्वारीची सरशी होते. ज्वारीत चोथा अधिक असतो, भाकरी सावकाश चावावी लागते, हे तिचे गुण मान्य केले पाहिजेत. परंतु १०० ग्रॅम तांदळात पिष्टमय भाग सुमारे ७८ ग्रॅम असतो, तर ज्वारीतही तो ६८ ग्रॅमच्या आसपास असतो. त्यात पुन्हा एका मध्यम पोळीला तीसेक ग्रॅम कणीक लागते आणि थोरल्या भाकरीला ऐंशी ग्रॅम पीठ! भात सोडून दोन भाकऱ्या खाणाऱ्याने पाच पोळ्या खाल्ल्या असे समजावे. वर सांगितलेल्या २०२५ च्या वृत्तान्तात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आढळून आली: पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ आले एवढ्याने मधुमेहाचा धोका घटल्याचे दिसत नाही, पिष्टाचे एकूण प्रमाण उतरले आणि त्याची जागा डाळी-कडधान्ये, दूध-दही यांतील प्रथिनांनी घेतली, तरच धोका कमी झाल्याचे दिसते. हातसडीचा तांदूळ, कोकण व गोव्यातील उकडा तांदूळ हे पांढऱ्याशुभ्र तांदळापेक्षा बरे. पण लहान वाटीची मर्यादा त्यांनाही लागू आहे.

या बाबतीत जुन्या वैद्यांची दृष्टी आश्चर्य वाटावे इतकी स्वच्छ होती. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले. एक जन्मजात आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा. चरकाने बैठ्या सुखाला आणि झोपेच्या सुखाला या विकाराच्या कारणांत स्थान दिले, आणि प्रमेह्याच्या आहारात जवाला, म्हणजे ज्याला आपल्याकडे सातू म्हणतात त्या धान्याला, मान दिला. जवातील चिकट चोथा पिष्टाचे पचन मंदावतो, हे आजच्या प्रयोगशाळांनाही मान्य आहे. मेथीदाण्यांचा उपयोगही बहुतांशी अशाच चोथ्यामुळे होतो. कारल्याच्या रसाबद्दल मात्र तितक्या खात्रीने बोलता येत नाही. पहाटे उठून डोळे मिटून तो पिणारे आणि नंतर ‘आता हरकत नाही’ म्हणून पोह्यांची दुसरी बशी घेणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या बाबतीत तर तो रस अपायकारकच म्हटला पाहिजे.

पोहे, उपमा, शिरा, इडली ही सकाळच्या न्याहारीची मंडळी बहुतेक निव्वळ पिष्टाची. पोहे सोडावेच असे नाही. बशीत निम्मे पोहे आणि निम्मी मोड आलेली मटकी, वाटाणे, कांदा, गाजर, वर थोडे शेंगदाणे असे मिश्रण केले, की तेच पोहे निराळे होतात. त्याहून चांगले म्हणजे मुगाचे धिरडे, उसळीची वाटी, भाजणीचे एक लहान थालीपीठ व दही, किंवा चालत असल्यास दोन अंडी.

खरी अडचण येते ती उपवासाच्या दिवशी. महिन्यातून दोन एकादश्या, एक संकष्टी, श्रावणातले सोमवार, नवरात्र. आणि या सर्व दिवशी साबुदाण्याची खिचडी. १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम पिष्ट असते, प्रथिने जवळजवळ नसतात आणि चोथाही नावापुरताच. त्यात बटाटा पडतो, सोबतीला गोड दही येते, वर बटाट्याचा कीस. उपवासाच्या दिवशी अनेकांच्या रक्तातील साखर महिन्यातील उच्चांक गाठते, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. मौज अशी की, ज्या कंदापासून साबुदाणा तयार होतो, तो कंदच मुळी दक्षिण अमेरिकेतून आलेला. तामिळनाडूतील सेलमच्या कारखान्यांतून येणाऱ्या या पांढऱ्या मोत्यांचा आपल्या प्राचीन व्रतांशी संबंध असणे शक्य नाही. त्यामुळे श्रद्धाळू घरांनीही तो निःशंकपणे बाजूला ठेवावा. काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, लाल भोपळ्याचे भरीत, राजगिऱ्याची पालेभाजी, वाटीभरच भगर आणि तिच्यावर भरपूर दाण्याची आमटी, ताक, एखादे पेरू, एवढ्यावर उपवास उत्तम होतो. निव्वळ पाण्यावर वा ताकावर राहणेही या अवस्थेत सहसा बाधत नाही. मात्र साखर उतरविण्याच्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांस विचारल्यावाचून असा उपवास करू नये.

गुळाविषयी दोन शब्द पुरेत. गूळ हा साखरेचा सज्जन भाऊ समजला जातो. पण १०० ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या आसपास साखरच असते, आणि मधाची स्थितीही फारशी वेगळी नाही. फळांचे तसे नाही. फळ चावून खाल्ले तर चोथ्यासकट पोटात जाते. रस काढला की चोथा टोपलीत आणि साखर पेल्यात. उसाच्या रसाच्या एका मोठ्या पेल्यात साधारण तीस ग्रॅम साखर असते, आणि ती एका दमात पोटात जाते. पेरू, पपई, जांभळे, संत्रे ही फळे रोज एखादे खाण्यास हरकत नाही; केळे, चिकू, सीताफळ अर्धे. हापूस आंब्यावर बंदी घालणे मराठी माणसाला क्रौर्याचे वाटेल व ते आवश्यकही नाही. पण आंब्याच्या एका फळाची किंमत एक पोळी अशी धरावी आणि ती पोळी त्या दिवशी खरोखरीच सोडावी. आमरसाच्या वाटीला आणि पुऱ्यांच्या चळतीला मात्र या हिशेबात जागा सापडत नाही.

मुंबईसारख्या शहरात जेवणाची वेळ हा आणखी एक प्रश्न आहे. गाडीच्या गर्दीतून चाकरमान्या साडेआठ-नऊला घरी पोहोचतो आणि दिवसातले सर्वांत मोठे जेवण साडेनऊला जेवून अकराला आडवा होतो. साखर पेलण्याची शरीराची शक्ती सकाळी अधिक आणि रात्री कमी असते, हे निश्चित झालेले आहे. म्हणजे जे ओझे सकाळी उचलावयाचे, ते रात्री थकलेल्या खांद्यावर टाकले जाते. कचेरी सुटताना मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे खाल्ले, तर घरी येईपर्यंत वखवख राहत नाही व रात्रीचे ताट आपोआप लहान होते. बाकी राहिलेले काम पायांनी करावे. वॉशिंग्टन येथे २०१३ साली साठी उलटलेल्या दहा माणसांवर झालेल्या एका प्रयोगात, प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालण्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर जितकी उतरली, तितकी सकाळी सलग पाऊण तास चालण्याने उतरली नाही. चालताना स्नायू साखर जाळतात, आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनची मनधरणी फारशी लागत नाही. जुन्या लोकांची शतपावली शंभर पावलांवर न थांबता दीड हजारांवर नेली म्हणजे झाले.

वजन अधिक असेल त्याने ते शेकडा पाच ते सात इतके उतरविण्याचा संकल्प करावा. ८० किलोच्या माणसाला याचा अर्थ चार ते साडेपाच किलो. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेकडा सात वजन घटविणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढेच ध्येय ठेवले होते. तेवढ्याने मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी खाली आले. मात्र प्रयत्न न करता वजन झपाट्याने घटू लागले, तहान वाढली, तर त्याचा आनंद न मानता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. ज्यांच्या मूत्रपिंडात दोष आहे त्यांनी डाळी-उसळींचे प्रमाण स्वतःच्या मनाने वाढवू नये.

सणावाराचा बाऊ करण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा येणारा उकडीचा मोदक अपाय करीत नाही. त्या मोदकाच्या निमित्ताने दहा दिवस चालणारा प्रसाद करतो. आग्रह हा मराठी पंक्तीचा अलंकार आहे, पण घरातील एका माणसाच्या ताटाला तो लागू नाही एवढे एकदा सर्वांनी ठरवून टाकावे. ‘अहो, एवढ्याने काय होते?’ हे वाक्य वाढणाऱ्याने गिळावे.

आणि वाढणाऱ्या व्यक्तीसंबंधी आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. पतीचे पथ्य सुरू झाले म्हणजे घरात भात कमी खपतो, पण पातेल्यात तो पूर्वीइतकाच शिजतो. अन्न टाकणे गृहिणीच्या जिवावर येते. सर्वांची जेवणे उरकल्यावर ती एकटी बसते आणि उरलेला भात, उरलेल्या दोन पोळ्या, मुलाने अर्धवट टाकलेला शिरा, हे सर्व संपवून उठते. भाजी व कोशिंबीर तोपर्यंत संपलेली असते. अशा रीतीने ज्या ताटापासून घरातल्या पुरुषाला वाचविले, तेच ताट तिच्यापुढे येते. बाळंतपणाच्या वेळी जिच्या रक्तात साखर आढळली होती, त्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. आणि बाळंतपण सुखरूप पार पडल्यावर ही गोष्ट ती स्वतः व घरची माणसे बहुधा विसरून गेलेली असतात. म्हणून पथ्याच्या पहिल्याच दिवशी तांदूळ मोजण्याचे माप बदलावे, डाळीचे वाढवावे, आणि सर्वांनी एकाच वेळी जेवावयास बसावे. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यामुळे नव्या ताटाचा परिणाम ग्लायकेटेड हिमोग्लोबिनच्या आकड्यात तीन महिन्यांनी दिसू लागतो. त्या तपासणीला गृहस्थ जाईल तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या पत्नीचेही रक्त तपासून घ्यावे.